नाताळगोठ्यातलं हिरवं भात

भोईवाडा, परळ, मुंबई
१९ नोव्हेंबर २०२३

ती. सेलिनाताईस,
सेबॅस्टियनचा स. न. वि. वि.

बाबांच्या सवयीप्रमाणे कागदाच्या डोक्यावर क्रूस काढून सुरुवात करतो आहे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तू 'हो रे' म्हणतेस, म्हणून लेखीच विचारतो. कागदावर 'हो रे' म्हणून सुटता येत नाही.

आम्ही दोघं बरे आहोत. लॉराचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. माझं काम जोरात. इमारत उभी राहायच्या आधी तिची छोटी प्रतिकृती करून साइट ऑफिसात काचेखाली ठेवतात, ती मी करतो, हे आळीत कोणी विचारलं तर नीट सांग. मागे तू 'खेळण्यातली घरं करतो' असं सांगितलंस, ते मला कळलं आहे. आठवी शिकून आलेला मी, कुणी शिकवलं नाही, बघून बघून हात बसवला. पण एकास शंभर म्हणजे एकास शंभर, त्यात केसाचा फरक चालत नाही. परवा एक बिल्डर म्हणाला, अजून हिरवं टाका. मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं की तिथे पार्किंग आहे. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला हिरवं आवडतं. टाकलं. रंगीत भुसा तो, माझं काय जातं.

पण गोठ्यात मी भुसा वापरत नाही. पत्रास कारण तेच, आपला नाताळगोठा. जिन्याखालची जागा चाळकऱ्यांनी देखाव्यासाठी यंदाही दिली आहे, आठ फूट बाय साडेपाच. इतरांच्या गोठ्यात बेथलेहेम असतं, कापसाचा बर्फ, थर्माकोलचे उंट. माझ्या गोठ्यात आपली उमराळ्याची वाडी असते आणि बाळ येशू रहाटाशेजारच्या पेंढ्याच्या खोपीत जन्मतो. बेथलेहेम मी पाहिलेलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी करत नाही.

तेव्हा पुढच्या गोष्टी बघून कळव. बावखळीत उतरायच्या दगडी पायऱ्या रहाटाच्या बाजूला होत्या की त्याच्या समोर? (ही चिठ्ठी वाटेत कुणी वाचली तर म्हणून लिहितो: बावखळ म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं.) भोकराच्या झाडाची सावली सकाळी पाण्यावर पडायची की पाटावर? आणि वळणावरच्या दोन ताडांपैकी उंच कोणता, रस्त्याकडचा की आपल्या कुंपणाकडचा? शिवाय नेहमीसारखी शेतातली पिशवीभर माती आणि ट्रेमध्ये पेरायला दोन मुठी भात पाठव. हिरवंगार भात उगवलं की निम्मा गोठा झाला.

लोभ आहेच, तो आणखी वाढावा.

तुझा,
सेबॅस्टियन


उमराळे, ता. वसई
२७ नोव्हेंबर २०२३

चि. सेबॅस्टियन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लॉराला सांग, मोहरीचं तेल कोमट करून लाव आणि नवऱ्याकडून लावून घे, त्याचा हात बसलेला आहे म्हणतो.

माती पाठवते. भात पाठवत नाही. वीस वर्षं मी गप्प बसले, आता सांगते. नाताळात शेतात हिरवं भात नसतं रे. दिवाळीच्या आसपास कापणी होते. नाताळात आपल्या शेतात पिवळे सड उभे असायचे, कापलेल्या रोपांचे बोटभर खुंट, पायाला टोचणारे. त्यांच्या मधून आई वाल टोकायची आणि नाताळापर्यंत वालाला दोन-चार पानं आलेली असायची, तांबूस देठाची. मिस्साला चर्चमध्ये जाताना सगळं शेत असं गव्हाळ दिसायचं आणि त्यात कुठेकुठे हिरवे ठिपके. तुझ्या गोठ्याचे फोटो तू पाठवायचास, मी बघायची आणि म्हणायची, याच्या नाताळात ऑगस्ट कसा? मग कळलं. तू काकांबरोबर मुंबईला गेलास तेव्हा ऑगस्ट होता. भात तुझ्या मांडीला लागत होतं. तुझ्या डोळ्यांत शेत तिथेच थांबलं.

त्या बिल्डरला हिरवं आवडतं आणि तुलाही. रागावू नकोस.

आता तुझे प्रश्न. पायऱ्या, सावली, ताड, यांतलं काहीच मी लिहिणार नाही. त्याऐवजी ओटीवरून आज जे दिसतं ते लिहिते. समोर पूर्वी पानवेली होत्या, पांगाऱ्यावर चढवलेल्या, आत दुपारीसुद्धा संध्याकाळ असायची. मग पंप आले, रहाट गंजला, विहिरींना खारं पाणी लागलं आणि पानवेली गेल्या. तिथे केळी आल्या, उजेड वाढला. केळीनंतर मोगरा, मोगऱ्यानंतर बंगले. आपल्या बांधापलीकडे वॉरेनचं लग्नाचं लॉन आहे. चुलत्याचा मुलगा म्हणून मी वाईट बोलत नाही, पोरगा कष्टाळू आहे, माझी औषधं तोच आणतो. पण त्याचं गवत बारा महिने एकाच रंगाचं असतं. पूर्वी सकाळी दार उघडलं की शेताच्या रंगावरून महिना कळायचा, जून काळा, जुलै पोपटी, ऑक्टोबर सोन्यासारखा. आता मला कॅलेंडर बघावं लागतं.

आणि एक महत्त्वाचं. बावखळ अर्धी वॉरेनची, अर्धी आपल्या दोघांची, हे तुला माहीत आहे. त्याला त्याची बाजू भरून गाड्या लावायला जागा करायची आहे. अर्धी भरली तर उरलेली टिकत नाही, म्हणून तो सगळीच मागतो आहे. नाताळ होईपर्यंत थांबेन म्हणाला. मी एकटी आहे, दरवर्षीचा गाळ काढणं आता होत नाही. तुझं मत कळव.

सोबत वाल पाठवते. पेरशील तर वाल पेर.

तुझी,
ताई


भोईवाडा, परळ
४ डिसेंबर २०२३

ती. ताईस,
स. न. वि. वि.

माती आणि वाल पोचले. माती थोडी वाळूमिश्रित वाटली, ती बांधाजवळची असणार, मधली नाही. असो.

भाताचं तू म्हणतेस ते मी दोन दिवस मानलं नाही. मग लॉरा म्हणाली की नाताळात तुमच्याकडे नव्या तांदळाचा भात खाल्ला जायचा हे तूच दरवर्षी सांगतोस. मग तो तांदूळ उभ्या भातातून काढायचे का? यावर मी जेवत होतो, जेवत राहिलो.

पण बावखळीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. भरायची नाही. मुळीच नाही. वॉरेनला सांग की त्या पाण्यावर आजोबांनी पानवेली जगवल्या आणि बाबांनी आपल्याला. त्यात मी पोहायला शिकलो, कुणी शिकवलं नाही, भोकराच्या फांदीवरून पडलो आणि शिकलो. त्या बावखळीचा आकार मी डोळे मिटून काढू शकतो: रहाटाकडे रुंद, ताडांकडे निमुळती, कोयरीसारखी. असं पाणी परत होत नाही. गाळासाठी माणसं लाव, मी बघतो.

वरच्या मजल्यावरच्या मधुराने, ती शाळेत भूगोल शिकवते, मला मोबाइलवर आकाशातून गाव दाखवलं. मी म्हटलं, मला दाखवू नका, मीच शोधतो. चर्च सापडलं. चर्चपासून मी बोटाने रस्ता धरला आणि वळलो. निळे पत्रे, लाल कौलं, पुन्हा निळे पत्रे. एक हिरवा चौकोन, इस्त्री केलेल्या रुमालासारखा. आपलं घर सापडायला वेळ लागला. नेट हळू होतं. बावखळ बटणाएवढी दिसली. बटण काळं होतं, म्हणजे पाणी आहे.

तू 'येऊन जा' लिहिशील म्हणून आधीच सांगतो, नाताळापर्यंत शक्य नाही. शिवडीच्या एका टॉवरचं मॉडेल वीस तारखेला द्यायचं आहे, त्यात गाड्यांसाठी चार मजल्यांचं पोडियम आणि वर बाग. नंतर बघू. माझे प्रश्न मात्र अजून तसेच आहेत, पायऱ्या, सावली आणि ताड. नुसते ताड सांगितलेस तरी चालेल.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
सेबॅस्टियन


उमराळे
११ डिसेंबर २०२३

चि. सेबॅस्टियन यास,
अनेक आशीर्वाद.

ताड विचारतोस. ताड नाहीत. रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही गेले, त्याला बारा-तेरा वर्षं झाली. मी तुला कळवलं नाही, कारण तू दर गोठ्यात ते इतके निगुतीने उभे करायचास.

पण तुला ते ठाऊक आहे. बाबांच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला तू आलास त्या दिवशी मी ओटीवर वाल सोलत बसले होते. तू वळणावर रिक्षातून उतरलास. पांढरा शर्ट, हातात केकचा खोका. आपल्या फाटकावरून सरळ पुढे गेलास. वॉरेनच्या नव्या भिंतीपाशी थांबलास, वर बघितलंस, मागे बघितलंस. मग टोपली घेऊन जाणाऱ्या मीराबाईला काहीतरी विचारलंस आणि तिने हात करून आपलं घर दाखवलं. ती अजून माझ्याकडे वाल तोडायला येते, पण त्या दिवसाबद्दल तिने कधी तोंड उघडलं नाही आणि मीही नाही. मी हाक मारू शकले असते. मारली नाही. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून आत जाऊन चहा टाकला. तू आलास आणि म्हणालास की रिक्षावाल्याने भलतीकडे सोडलं. मी 'हो रे' म्हटलं. ते मात्र मला पूर्ण ऐकू आलं होतं.

त्यानंतर तू आला नाहीस. कामाचं असतं, हे मला समजतं. पण ज्याला डोळे मिटून बावखळ काढता येते त्याला डोळे उघडून घर सापडू नये, हे तुला लागलं असणार, हेही समजतं. यात तुझं काही चुकलं नाही रे. जागा बदलली. माझ्यादेखत रोज थोडी थोडी बदलली म्हणून मला सापडते, इतकंच. तुझ्यासमोर ती एकदम बदलली.

आता बावखळीचं ऐक. भरायची नाही असं तू लिहिलंस. कुठली बावखळ, ते लिहिलं नाहीस. तू म्हणतोस ती कोयरीसारखी, ती आता तशी नाही. ताडांकडची बाजू रस्त्याच्या भरावात गेली. पायऱ्या गाळाखाली आहेत. भोकर आहे, वाकलं आहे. पाण्यावर शेवाळ असतं, तरी उन्हाळ्यात माझ्या चार वाफ्यांना तेच पाणी पुरतं आणि संध्याकाळी बगळे येतात. हे असं पाणी तुला राखायचं असेल तर मी राखते, वॉरेनशी भांडायला मी म्हातारी झालेली नाही. पण गोठ्यातलं पाणी राखायचं असेल तर ते तुझ्या जिन्याखाली सुखरूप आहे, त्यासाठी मी इथे गाळात कशाला उतरू?

म्हणून माझं ठरलं आहे. तू ये, काठावर उभा राहा, बघ. बघून जे म्हणशील ते करू. नाही आलास तर तीन राजांच्या सणानंतर वॉरेनला हो म्हणेन. तो सण यंदा सात जानेवारीला, रविवारी आहे.

लॉराला माझा गोड पापा.

तुझी,
ताई


भोईवाडा, परळ
२६ डिसेंबर २०२३

ती. ताईस,
स. न. वि. वि.

नाताळच्या शुभेच्छा एक दिवस उशिरा. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले. चार वेळा लिहायला बसलो, चारही कागद फाडले. लॉराने विचारलं की ताईने एवढं काय लिहिलं आहे. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, केक मीच बांधून दिला होता, खोका ओला झाला होता का? मी म्हटलं, नाही.

टॉवर वेळेत दिला. मग गोठ्याला लागलो. तयार ठेवलेले दोन ताड, नारळाच्या हिरांचे, चांगले वीत-वीत उंच, उचलून माळ्यावर टाकले. वळणावर रस्ता केला, काळा, मधे पांढऱ्या पट्ट्या. वॉरेनची भिंत केली. लॉन केलं आणि त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा गोठ्यात रंगीत भुसा वापरला, कारण तिथे तोच खरा. वर बारीक दिव्यांच्या माळा, लग्नाची कमान. घरांवर निळे पत्रे आणि काळ्या टाक्या. मग आपलं शेत. केरसुणीच्या काड्या बोटभराच्या हिशेबाने कापल्या, म्हणजे माझ्या मापात खसखशीएवढ्या, आणि चिमट्याने एकेक मातीत रोवली. तुझे वाल आले तेव्हाच ट्रेमध्ये टोकले होते, तो ट्रे मधे बसवला. वालाचं रोप मापात बसत नाही, त्या खोपीपेक्षा त्याचं पान मोठं; पण उपटवेना. राहू दिलं. एकास शंभरच्या जगात चार झाडं एकास एक उभी आहेत.

बावखळ मात्र अडली. तू लिहिलेली बावखळ मी पाहिलेली नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी करत नाही. म्हणून ती जागा मोकळी ठेवली. नुसता खड्डा, त्यात तुझी माती.

काल संध्याकाळी चाळ बघायला लोटली. नाराजी झाली. साताऱ्याकडचे सुशांत म्हणाले, आमच्या पोरांना शेत दाखवायला दरवर्षी इथे आणतो, यंदा तुम्ही मंगल कार्यालय दाखवताय. मधुराने वालाच्या पानाला हात लावून बघितलं. लॅन्सने, म्हणजे आमच्या चर्चच्या गायकमंडळाच्या मास्तरने, विचारलं की गाई कुठे आहेत. मी म्हटलं, आळीत शेवटची म्हैस माझ्या ताईने विकली, तेव्हापासून नाहीत. मग बाळाला ऊब कोण देणार, म्हणाला.

सगळे गेल्यावर तळमजल्यावरचे कमलाकांतभाऊ मागे राहिले. हे पाठारे प्रभू, मुंबईचे जुने रहिवासी, घराण्यात पूर्वी जमिनी होत्या, आता दोन खोल्या आणि खूप आब. एरवी ते गोठ्याकडे बघून, छान हां, म्हणतात आणि जातात. काल मोकळ्या खड्ड्याकडे बघत राहिले आणि विचारलं, इथे काय यायचं आहे? मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "माझ्या आजोबांची परळमध्ये भातशेती होती, इथेच कुठेतरी. कुठे, ते दाखवणारा आता कोणी उरला नाही."

ताई, मी या चाळीत सदतीस वर्षं राहतो. दर नाताळात या जिन्याखाली तुझी माती पसरतो. खालच्या फरशीखाली कुणाचा बांध असेल, असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही. कमलाकांतभाऊ हात पाठीमागे बांधून फरशीकडे बघत होते आणि मला वळणावर उभा असलेला मी दिसलो, केकचा खोका घेऊन. त्यांना विचारायला टोपलीवाली मीराबाईसुद्धा नाही. मला निदान मीराबाई होती, आणि आत चहा टाकणारी तू.

सात तारखेला येतो. सकाळच्या मिस्सापर्यंत पोचेन. लॉरा येते आहे, गुडघा काय म्हणेल ते म्हणो. वालाचा ट्रे आणतो, तुझ्या वाफ्यात लावू. इथे जिन्याखाली ऊन नाही, रोपं लांब मानेची झाली आहेत. मोजपट्टी आणू का नको, हे तू सांग. आणि काठावर उभा राहून मी काय म्हणेन, ते आता लिहीत नाही. पाहून म्हणेन.

एकच विनंती. मी वळण चुकलो तर या वेळी हाक मार.

तुझा,
सेबॅस्टियन


उमराळे
१ जानेवारी २०२४

चि. सेबॅस्टियन यास,
अनेक आशीर्वाद आणि नव्या वर्षाचा पहिला कागद तुला.

मोजपट्टी आण. तू आणणार नाहीस असं वॉरेनला सांगितलं तर तो पैज लावायला तयार होता.

त्याला मी निरोप दिला की भाऊ येतो आहे, पाहील, मग बोलू. तो म्हणाला, येऊ दे, मलाही सेबॅस्टियनदादाला काही विचारायचं आहे, गाड्या दुसरीकडे कुठे लावता येतील हे तो नकाशा काढून सांगेल का. तेव्हा तुझ्या एकास शंभरचा गावाला पहिल्यांदा उपयोग होईलसं दिसतं. मी त्याला हो रे म्हटलेलं नाही, लक्षात घे. तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत कुणालाच म्हणत नाही.

मीराबाईला सांगितलं तू येणार म्हणून. ती म्हणाली, यंदा विचारतील तर पत्ता सांगायचे पैसे घेईन. बारा वर्षांनी तिचं तोंड उघडलं.

गाईंचं वाईट वाटलं. पण बाळाला ऊब लागतेच, तेव्हा यंदा तुझ्या गोठ्यात वालाने दिली असं समज. ट्रेमधली रोपं हलवताना मुळाची माती झटकू नकोस, ती आपलीच आहे, परत येऊ दे.

आणि हाकेचं. माझा आवाज आता वळणापर्यंत पोचत नाही. म्हणून दोन ताड होते त्याच जागी, रस्त्याच्या कडेला, लांब कळक रोवून घेतला आहे आणि त्याच्या टोकाला नाताळची कागदी चांदणी बांधली आहे, लाल, आत दिवा घालून. वॉरेनने लॉनवरून वायर ओढून दिली. ती दिवसाही पेटलेली ठेवते, बिल त्याचं येतं. तीन राजे चांदणी बघून बाळ येशूपाशी पोचले, तू चौथा, उशिराचा. तिच्याखाली डावीकडे वळ, फाटक उघडं असेल, चहा टाकलेला नसेल, मी ओटीवर असेन.

चांदणी सणापर्यंतच राहते. आठ तारखेला मी ती काढणार. त्यापुढे वाट तुझी तुला ओळखता आली पाहिजे, म्हणजे येत राहावं लागेल.

वाट पाहणारी,
ताई